नर्मदा आली का?

2016 च्या मे महिन्यात उज्जैनला, क्षिप्रेच्या रामघाटावर, पाण्यात बुडालेल्या दुसऱ्या पायरीवर उभं राहून आईनं तळव्यात पाणी घेतलं आणि ओठांशी नेलं. डोळे मिटलेले, तोंडानं काहीतरी पुटपुटणं चाललेलं, डाव्या हातानं माझा दंड असा घट्ट धरलेला की बोटांचे वळ संध्याकाळपर्यंत राहिले. आचमन झालं, आता ही बुडी मारेल म्हणून मी तिच्या पदराचं टोक सावरून तयार राहिले. पण तिनं डोळे उघडले. जीभ एकदा टाळ्याला लावली, आमटीत मीठ पडलंय की नाही हे बघताना लावते तशी, आणि बाजूच्या बायकांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं माझ्याकडे झुकून म्हणाली, "अगं, ही तर नर्मदा आली."

इंदुरात न राहिलेल्यांना या वाक्यातली गंमत कळायची नाही. आमच्याकडे नर्मदा ही नळाला येते. पहाटे साडेपाचला समोरच्या काकू गॅलरीतून हाक मारतात, "नर्मदा आली का?" म्हणजे नळाला पाणी आलं का. "आज नर्मदा नाही," म्हणजे आज भांडी बोरिंगच्या पाण्यात. बोरिंगचं पाणी वेगळं, टँकरचं वेगळं आणि नर्मदा वेगळी. बोरिंगच्या पाण्यात डाळ शिजत नाही, केस धुतले की केरसुणी होतात. नर्मदा चहाला, पिण्याला, देवाला. आमच्या भागात ती एक दिवसाआड येते आणि तीही आपल्या मर्जीनं. आधी नळ फुसफुसतो, मग खोकल्यासारखा आवाज करतो, थोडं गढूळ येतं आणि मग एकदम जोर धरतो. लग्नकार्य ठरवताना आम्ही मुहूर्ताइतकाच हाही हिशेब बघतो. त्यामुळे आईनं घाटावर जे काढलं ते मोठं काही नव्हतं, घरातलंच रोजचं वाक्य होतं. फक्त ते भलत्या ठिकाणी आलं होतं. ज्या नदीच्या नावानं आम्ही पहाटे तीनला उठून, पंचावन्न किलोमीटर येऊन, वर पाऊण तास पायपीट करून उभ्या होतो, ती ही नव्हेच, असं ती मला सांगत होती. मागून शिट्टी वाजली. "माताराम, डुबकी लगाओ और आगे बढ़ो." आईनं नाक धरलं आणि तीन बुड्या मारल्या. वर आली तेव्हा ती हसत होती की दम लागला होता, मला ठरवता आलं नाही.

पुढं नऊ वर्षं ते वाक्य माझ्या डोक्यात फिरतंय.

त्या दिवसाचं थोडं सांगते. सिंहस्थ कुंभमेळ्यातलं अक्षय्य तृतीयेचं दुसरं शाही स्नान सोमवारी, 9 मेला होतं. त्या गर्दीत अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईला नेणं शक्य नव्हतं म्हणून आम्ही शनिवार धरला. गुरुवारी उज्जैनला वादळ झालं होतं. मे महिन्यात, भर सिंहस्थात, गारा आणि असा वारा की मोठमोठे मंडप आडवे झाले, माणसं गेली. घरी सगळे जाऊ नका म्हणत होते. आई म्हणाली, "पाऊस झालाय म्हणजे नदीला पाणी तरी असेल." यापुढं कोण काय बोलणार. गेलो तेव्हा मेळ्याचा सगळा भाग ओल्या गादीसारखा वास मारत होता. खरोखरच गाद्याच होत्या. तंबूंबाहेर, रस्त्याकडेच्या कठड्यांवर, जिथं जागा मिळेल तिथं भिजलेल्या गाद्या आणि सतरंज्या वाळत घातलेल्या. त्यात धुपाचा वास, चिलमीचा वास, मध्येच ब्लीचिंग पावडरीची झणझण आणि कुठल्यातरी भंडाऱ्यातल्या पुऱ्यांच्या तेलाचा. एका नागा साधूच्या समोरची धुनी विझून चिखल झाली होती आणि तो चिमट्यानं त्यातली राख कडेला करत होता, शांतपणे, आपण फरशीवर सांडलेलं पीठ गोळा करतो तसा. लोक त्याचे फोटो काढत होते. त्यानं एकदाही वर पाहिलं नाही.

आईचं माहेर नाशिकचं, पंचवटीतलं. इंदुरात येऊन तेव्हा छप्पन वर्षं झाली होती तरी सिंहस्थ हा शब्द निघाला की ती नाशिककर होते. "सिंहस्थ मूळचा आमचा. गुरू सिंहेत आला की पहिला गोदावरीला," हे ती मला लहानपणापासून ऐकवत आलीय. गंमत म्हणजे यात तथ्य आहे. प्रयागचा कुंभ, हरिद्वारचा कुंभ, पण उज्जैनच्या मेळ्याला सगळे सिंहस्थच म्हणतात, ते नाशिकसारखंच गुरू सिंह राशीत असतो म्हणून. आणि अठराव्या शतकात राणोजी शिंद्यांनी नाशिकच्या साधूंना उज्जैनला बोलावलं, तिथून इथला मेळा या रूपात उभा राहिला असंही सांगतात. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी, त्यांनी महाकाळाचं देऊळ पुन्हा बांधलं. ग्वाल्हेर होण्याआधी शिंद्यांची गादी इथंच होती. उज्जैन फिरताना आईला हे सगळं आपल्या घरचं वाटतं. हरसिद्धीच्या देवळात शिरल्यावर ती देवीच्या आधी अंगणातल्या दोन दीपमाळांना नमस्कार करते, कारण "त्या आपल्याकडच्या आहेत." त्या दिवशीही केला. मग म्हणाली, "इथं शैव दत्त आखाड्याच्या घाटावर आणि वैष्णव रामघाटावर, समोरासमोर, मध्ये एवढीशी नदी. आमच्याकडे एक त्र्यंबकला आणि एक रामकुंडावर, भांडणच नको." मी म्हटलं, समोरासमोर असूनही भांडण नाही हे जास्त चांगलं नाही का? ती म्हणाली, "पोलीस मोज की किती आहेत."

तिला खरं तर किन्नर आखाडा, तृतीयपंथीयांचा, बघायचा होता. त्या वर्षी तो सिंहस्थात पहिल्यांदाच आला होता आणि तिनं नईदुनिया पेपरात सगळं वाचलं होतं. त्याच्या तेव्हाच्या प्रमुख लक्ष्मीनारायण त्रिपाठी ठाण्याच्या, मराठी छान बोलतात, "दोन शब्द बोलून येऊ, आपल्याकडची माणसं आहेत," असं चाललं होतं. पण चिखल आणि तिचे गुडघे, राहिलं ते.

नर्मदेकडे परत येते. मी 1972 ची. सहा वर्षांची असताना, 1978 साली, इंदुरात नर्मदा आली. त्याआधीचं पाणी यशवंतसागर तलावाचं आणि विहिरींचं. रामबागेतल्या आमच्या वाड्यात विहीर होती, उन्हाळ्यात तिच्या तळाची कपार दिसायची आणि बादली दगडावर आपटल्याचा ठण्ण आवाज यायचा. नर्मदा आणा म्हणून इंदूरच्या लोकांनी 1970 मध्ये मोठं आंदोलन केलं होतं, घराघरातून माणसं रस्त्यावर उतरली होती, त्याच्या गोष्टी वडिलांकडून इतक्यांदा ऐकल्यात की मी तिथं होते असंच वाटतं. मंडलेश्वराजवळच्या जलूदहून, सत्तर किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून पाणी आणायचं, हे तेव्हा लोकांना वेडेपणा वाटत असणार. मला आठवतो तो अंगणातला पितळी नळ. आईनं त्याला हळदकुंकू वाहिलं, खणाचा तुकडा बांधला, खाली तांब्या ठेवला. सगळा वाडा गोळा झालेला. नळ खोकला, फुसफुसला, तांबूस पाणी थुंकला, आणि मग स्वच्छ धार लागली. आजीनं ते पाणी डोळ्यांना लावलं. आजीचा परिक्रमेचा संकल्प होता, गुडघ्यांनी राहिला. ती म्हणाली, "मला जायला जमलं नाही, तर आई घरी आली." नंतर महिनाभर आई नळाखाली भांडी घासायची नाही. नर्मदेत खरकटं कसं टाकायचं! भांडी विहिरीच्या पाण्यानं, मोरीच्या कडेला. महिन्याभरानं केव्हातरी तो नेम मोडला. कधी मोडला हे तिला विचारलं तर म्हणते, "पाहुणे आले असतील."

ही चव तिच्या जिभेवर तेव्हापासूनची. सासरचं तिनं प्यायलेलं पहिलं पाणी विहिरीचं, मग अडतीस वर्षं नर्मदा.

आणि क्षिप्रा? माझ्या सिंहस्थांच्या आठवणीत क्षिप्रा नावाप्रमाणं कधी धावताना दिसली नाही. 1980 ला मी आठ वर्षांची होते, आजीच्या पाठकुळी बसून बघितलेला केशरी रंगाचा समुद्र तेवढा आठवतो, पाणी आठवतच नाही. 1992 ला मैत्रिणींबरोबर गेले, परीक्षा नुकती संपलेली, तेव्हा पाणी गुडघ्याच्या जरा वर आणि हिरवं. बुडी मारायला खाली बसावं लागलं. पायाखाली शेवाळ, तळाशी बोटांत गाळ आणि पुढच्या बाईच्या गजऱ्यातली फुलं. 2004 ला लेक तापानं फणफणलेला, नाही गेले, आणि आईनं ते अजून माझ्या नावावर मांडून ठेवलंय. क्षिप्रा ही पावसाची नदी. हिमालयातला बर्फ तिच्या वाट्याला नाही, आणि मेळा नेमका चैत्र पौर्णिमेपासून वैशाख पौर्णिमेपर्यंत, माळव्यातल्या विहिरी तळ दाखवतात तेव्हा. गुरू सिंहेत आणि सूर्य मेषेत, हा योग ज्यानं ठरवला त्यानं आकाश बघितलं, नदी बघितली नाही, असं माझे वडील म्हणायचे. भोवतालची जंगलं गेली, शेतात मोटारी बसल्या, आणि पूर्वी उन्हाळ्यात निदान झिरपत राहणारी नदी डबकी होऊन पडायला लागली.

मग योजना आली. ओंकारेश्वर धरणाच्या कालव्यातून आलेलं नर्मदेचं पाणी टप्प्याटप्प्यानं, जवळपास साडेतीनशे मीटर उचलायचं आणि इंदूरच्या आग्नेयेला उज्जैनी नावाचं खेडं आहे, जिथं क्षिप्रा उगम पावते, तिथं सोडायचं. 432 कोटींची योजना, 2014 च्या फेब्रुवारीत उज्जैनीत पाणी पडलं. दोन वर्षांनी सिंहस्थ, तो याच पाण्यावर झाला. म्हणजे रामघाटाच्या पायरीवर आईच्या तळव्यात जे होतं ते बरंचसं खरोखरच नर्मदेचं होतं. थोडं गुरुवारच्या वादळाचंही असेल.

पण तिला ते चवीवरून कळलं, यावर माझा विश्वास नाही. आमच्या नळाच्या पाण्याला क्लोरिनचा वास असतो, घाटावरच्या पाण्याला निर्माल्याचा आणि ओल्या कपड्यांचा होता. ती रोज सकाळी चहाबरोबर नईदुनिया पहिल्या पानापासून भावपूर्ण श्रद्धांजलीपर्यंत वाचते. नर्मदा-क्षिप्रा जोडणीच्या बातम्या वर्षानुवर्षं येत होत्या. तिला आधीच ठाऊक होतं. मग घाटावर उभं राहून, संकल्प सोडून, आचमन करून, तेव्हाच का सांगावंसं वाटलं? मी तिला विचारलं होतं, परतताना, सांवेरला चहाला थांबलो तेव्हा. ती म्हणाली, "अगं मला चव आली. तुला नाही आली?" मी पाणी तोंडात घेतलंच नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही. डोक्यावर शिंपडलं, तीन बुड्या मारल्या, तोंड मात्र घट्ट मिटलेलं होतं. त्याचं कारण आमची खान नदी.

इंदूरच्या मध्यातून एक नदी जाते हे मला शाळा संपेपर्यंत माहीत नव्हतं. रामबागेजवळून, कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांखालून जो वाहतो तो नाला, एवढंच. छत्रीच्या पायऱ्यांवर आम्ही संध्याकाळी बसायचो, दगडातलं ते नाजूक कोरीवकाम, वर पोपटांचे थवे, आणि खालून येणारा तो वास, ज्याची आम्हाला इतकी सवय होती की पुण्याच्या पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला की नवल वाटायचं. कुणी मुद्दाम सांगितलं तर खान नदी म्हणायचं. आता पाट्यांवर कान्ह लिहितात, पण माझ्या तोंडात ते बसत नाही. ही खान उत्तरेला वाहत जाते आणि उज्जैनच्या अलीकडे, त्रिवेणीला, शनी मंदिराजवळ क्षिप्रेला मिळते. सरळ सांगायचं तर इंदूरच्या मोऱ्यांचं पाणी क्षिप्रेत. ज्या नर्मदेला आईनं हळदकुंकू वाहिलं तीच आमच्या स्वयंपाकघरातून डाळ-तांदळाचं धुणं, साबण, फिनेल घेऊन, रामबागेच्या मागच्या बाजूनं महाकाळाच्या गावाला जात होती. सिंहस्थाच्या आधी त्यावरही उपाय झाला. खान त्रिवेणीच्या अलीकडे अडवली आणि पाइपातून शहराला वळसा घालून खाली कालियादेहजवळ पुन्हा क्षिप्रेत सोडली. घाट संपल्यानंतर.

म्हणजे उगमापाशी एक पाइप आत येतो आणि घाटांच्या अलीकडून एक पाइप बाहेर जातो. मधल्या तुकड्यात आम्ही न्हायलो.

हे कळल्यावर मला पहिल्या पाइपाचं फारसं काही वाटलं नाही. नदीला नदीनं पाणी दिलं, बरं झालं. तसंही नर्मदा म्हणजे मनस्वी बाई. शोण नदावर रागावून पाठ फिरवली आणि एकटी पश्चिमेला निघाली, अशी तिची कथा. तिला आता पंपानं उचलून क्षिप्रेत घातलं की ती क्षिप्रेतून चंबळेला, चंबळेतून यमुनेला आणि तिथून गंगेला जाणार, म्हणजे जिकडे जायचं नाही म्हणून रुसली तिकडेच. आजीला हे कळलं असतं तर ती सरकारवर चिडली असती की हसली असती, सांगता येत नाही. दुसऱ्या पाइपाची मात्र लाज वाटते. आम्ही इंदूरचे लोक स्वच्छतेत देशात पहिले, 2017 पासून दरवर्षी, आणि तो अभिमान मलाही आहे. ओला कचरा, सुका कचरा, गाडी आली की गाणं, चॉकलेटचा कागद खिशात घालून घरी आणणारी मुलं. सासरी-माहेरी कुणी इंदुरात आलं की मी सराफ्यातल्या खाऊगल्लीच्या आधी रस्ते दाखवते. पण पाणी आपल्या दारातून गेलं की ते कुठं जातं हा प्रश्न मला चव्वेचाळिसाव्या वर्षी पडला, तोही घाटावर, तोंड मिटून बुडी मारताना.

एकदा उज्जैनीला जाऊन आले. ठरवून नव्हे, कम्पेलच्या बाजूला कुणाच्या तरी फार्महाउसला जेवण होतं, नवऱ्याला म्हटलं वळव गाडी. शेतं, गव्हाची कापणी झालेली, लसणाच्या वासाची हवा, एक छोटं देऊळ, एक कुंड. कुंडात हातभर पाणी, त्यात शेवाळ आणि एक चप्पल. पाणी कुठाय, विचारलं तर सावलीत बसलेला माणूस म्हणाला, "अभी बंद है. परब पे छोड़ते हैं." पर्वाला सोडतात. अमावस्या, पौर्णिमा, स्नानाची तिथी असली की. मला ते इतकं ओळखीचं वाटलं! नर्मदा तिथंही आमच्यासारखीच वेळापत्रकानं येत होती. आणि वेळापत्रक चुकलं की काय होतं तेही पुढं दिसलंच. 2019 च्या जानेवारीत शनिश्चरी अमावस्येला त्रिवेणीवर लोक जमले आणि नदीत पाणीच नव्हतं. माणसांनी चिखलात स्नानं उरकली, आणि बडे अधिकारी बदलले गेले. नळाला पाणी आलं नाही म्हणून आम्ही वॉर्डातल्या माणसाला फोन करतो, तसंच हे. फक्त मोठ्या मापाचं.

घाटावरून परततानाचं एक चित्र या सगळ्याच्या मध्ये मध्ये येत राहतं. आई ओल्या साडीवर कोरडी गुंडाळत होती, तिची कपडे बदलण्याची ती जुन्या बायकांची कला, कुठं काही दिसत नाही आणि दोन मिनिटांत कोरडी. मी बघत होते ती पोरं. दहा-बारा वर्षांची तीन पोरं, लांब दोरीला गोल लोहचुंबक बांधून पाण्यात फेकायची आणि तळाशी ओढत न्यायची. वर काढलं की चुंबकाला नाणी चिकटलेली, एखादी हेअरपिन, एक खिळा. नाणी गालात, पिना परत पाण्यात. त्यातल्या एकाला मी विचारलं, कितना मिलता है? तो म्हणाला, "पाणी जास्त झालंय, नाणी खोल जातात," अर्थात त्याच्या माळवीत. बाकी सगळा मेळा नदीला पाणी आलं म्हणून खूश होता आणि याचा धंदा बसला होता. पुढं पटनी बाजारात नागचंद्रेश्वराच्या देवळापाशी मातीच्या घोड्यांचा ढीग. आदल्या दिवशीच पंचक्रोशी संपली होती. खेड्यापाड्यांतली माणसं डोक्यावर गाठोडं घेऊन, त्यात पीठ आणि गोवऱ्या, वाटेत बाट्या भाजत 118 किलोमीटर चालतात, निघताना नागचंद्रेश्वराकडून बळ घेतात आणि परत आल्यावर मातीचा घोडा वाहून ते बळ परत करतात. त्यांच्या हिशेबानं तो वैशाख वद्य, आमच्या पंचांगात चैत्र वद्य, पण पायांना कुठं पंचांग असतं. एक म्हातारा पायरीवर बसून तळपायांना तेल चोळत होता. त्याच्या टाचांच्या भेगांत नाणं बसेल. आईनं थांबून त्याला विचारलं, वादळात कुठं होतात? तो म्हणाला, "चल रिया था." चालत होतो. आईला हे फार आवडलं. घरी येऊन तिनं सगळ्यांना हेच सांगितलं, स्नानाचं नाही.

निघताना तिनं घाटावर एक बाटली भरून घेतली होती. घरून नेलेली, हॉर्लिक्सची काचेची जुनी बाटली, कारण प्लॅस्टिकमध्ये तीर्थ ठेवायचं नाही. इंदूरला आल्यावर चिकटपट्टी लावून त्यावर स्केचपेननं लिहिलं, "क्षिप्रा, सिंहस्थ 2016." मी बघत होते, काही बोलले नाही. सकाळी जिला नर्मदा म्हणाली, तिचंच संध्याकाळी क्षिप्रा झालं होतं. ती बाटली देवघराच्या खालच्या फळीवर, कापराच्या डबीमागं, तेव्हापासून आहे. कुणाकडे वास्तुशांत असली, कुणी शेवटच्या घटकेला असलं की त्यातलं चमचाभर जातं. निम्मी उरलीय.

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत बाटली पुसताना चिकटपट्टी माझ्या हातात आली. अक्षरं तर आधीच उडाली होती, नुसता जांभळा डाग. आई आता सत्त्याऐंशीची. दिवसाचा बराच वेळ पलंगावर, पण नईदुनिया चालू आहे, आणि 2028 च्या सिंहस्थाची सगळी कामं तिला पाठ आहेत. खानेला आता बंद नालीतून नेणार आहेत, पावसाळ्यात क्षिप्रेचंच पाणी उचलून सिलारखेडीच्या तलावात साठवणार आणि गरज पडेल तेव्हा तेच परत नदीत सोडणार. "म्हणजे या खेपेला खरी क्षिप्रा मिळेल," असं ती परवा म्हणाली, जणू भाजीवालीनं गावठी टोमॅटो आणायचं कबूल केलंय. नव्वदाव्या वर्षी येणार का घाटावर, हे मी विचारलं नाही. तिनंच सांगितलं, "तू आधी जाऊन पाणी बघून ये. मग ठरवू."

मी नवी पट्टी कापली, पेन घेतलं, बाटली तिच्यासमोर धरली. काचेच्या तळाशी बारीक गाळाचा थर, वर पाणी नितळ. खिडकीतून ऊन त्यातून जात होतं. म्हटलं, "आई, यावर काय लिहू?" मनात होतं की आता सापडली. ती चष्म्यावरून माझ्याकडे बघत राहिली, मी भाजीत मीठ किती घालू असं विचारल्यावर बघते तसं.

"जे होतं तेच लिही. क्षिप्रा, सिंहस्थ 2016," ती म्हणाली. मी लिहून पट्टी चिकटवली. तिनं बाटली हातात घेतली, जरा हलवली, गाळ वर आला तो बघितला.

"आणि खाली लिही, पिऊ नये."